झडपेतली वाटी

नूरुद्दीन परकाराला कुणी विचारलं, "दम्मामला काय काम करतोस?" तर तो सांगायचा, "म्हातारीला भरवतो." ऐकणाऱ्याला वाटायचं, गडी चेष्टा करतोय. चेष्टा करण्याएवढं डोकं अल्लानं त्याला दिलेलंच नव्हतं. तो खरोखरच एका म्हातारीला भरवत होता, आणि तिचं तोंड त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं.

तो दाभोळचा आणि मी, इसहाक, अंजनवेलचा. मध्ये फक्त खाडी. होडीत बसून विडी पेटवली तर ती संपायच्या आत माणूस पलीकडे. तरी आमची ओळख व्हायला दोघांनाही सौदीत यावं लागलं. दाभोळवाले स्वतःला बंदरवाले म्हणवतात आणि आम्हाला नुसतेच पलीकडचे. नूरुद्दीनही पहिल्या भेटीत तसंच म्हणाला, म्हणून मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. मग एका शुक्रवारी मशिदीबाहेर त्यानं मला सुके बोंबील दिले. गावच्या बोंबलापुढे राग किती टिकणार?

मी बंदराजवळच्या कॅम्पात मेसचा स्वयंपाकी होतो. तेलाच्या पैशानं तो मुलूख तेव्हा नुसता फुगत चालला होता. सिमेंट घेऊन आलेल्या जहाजांना धक्क्यावर जागा नसायची, ती आठवडेच्या आठवडे बाहेर समुद्रात उभी. संध्याकाळी आम्ही बघत बसायचो. आमचा बाबाजी फिटर म्हणायचा, "बघा, जहाजांचे पासपोर्टपण कोणीतरी ठेवून घेतलेत." सगळे हसायचे. सौदीत यायला व्हिसा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. बाहेर पडायलाही लागतो, हे आल्यावर कळतं.

नूरुद्दीनचा पासपोर्ट अबू सालेहच्या तिजोरीत. अबू सालेह म्हणजे त्याचा कफील, ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक; सिमेंटचा आणि पाइपांचा व्यापारी. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती.

सुरुवातीला या कफीलनं नूरुद्दीनला एका अमेरिकन इंजिनिअरच्या बंगल्यावर कामाला दिलं होतं. तिथली बाई दरवर्षी ऑक्टोबर आला की रडकुंडीला यायची. तिच्या गावी म्हणे त्या दिवसांत झाडांची पानं तांबडी होतात, हवा गार पडते, आणि घरोघरी सफरचंदं शिजतात. दम्मामला पानं कुठली आणि झाडं तरी कुठली. मग ती लेबनानच्या सफरचंदांच्या लाकडी पेट्या आणायला लावायची आणि नूरुद्दीनला घेऊन ॲपलसॉस करत बसायची. सॉस म्हटल्यावर मला टोमॅटोची बाटली आठवली होती. प्रत्यक्षात निघालं ते सफरचंदाचं पुरण, जरा सैल.

मी ते करायला नूरुद्दीनकडूनच शिकलो. नुसती तांबडी घेतली तर मिट्ट गोड होतं, म्हणून निम्मी पिवळी, आंबटसर घ्यायची. सालं काढायची, गाभा काढायचा, फोडी करून पातेल्यात अगदी थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवायच्या. एक दालचिनीचा तुकडा. फोडींनी अंग टाकलं की पुरणयंत्रासारख्या चाळणीतून फिरवायचं. मग काचेच्या बाटल्यांत गरम गरम भरून, झाकणं लावून, बाटल्या उकळत्या पाण्यात उभ्या करायच्या. गार होताना झाकण टक् करून आत बसलं की ती बाटली वर्षभर टिकली. इथवर सगळं त्या बाईचं. नूरुद्दीनची भर एवढीच, की तो त्यात चिमूटभर मीठ टाकायचा. आपल्याकडं गोडात मीठ पडल्याशिवाय गोडाला तोंड फुटत नाही.

अमेरिकन कुटुंब परत गेलं आणि नूरुद्दीन अबू सालेहच्या घरच्या स्वयंपाकघरात आला. त्याच सुमारास अबू सालेहची म्हातारी आई पडली आणि अंथरुणाला खिळली. तोंडात दात नाही, भात नको, मांस नको, दूध नको. घर हवालदिल झालं. नूरुद्दीननं आपल्या भोळेपणात सफरचंदं शिजवून एक वाटी आत पाठवली आणि वाटी रिकामी परत आली. अबू सालेह धावत स्वयंपाकघरात आला. डोळ्यांत पाणी. त्यानं नूरुद्दीनचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. त्या चुंबनानं नूरुद्दीनचा घात केला.

स्वयंपाकघर आणि आतला बायकांचा भाग यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि भिंतीत वीतभर लाकडी झडप. वाटी झडपेत ठेवायची, दोनदा टकटक करायचं, पलीकडून एक हात येऊन वाटी घेऊन जायचा. सावळा हात, मनगटावर भाजल्याचा डाग. नूरुद्दीनला तो कुणा हबशी बाईचा वाटायचा. एक दिवस वाटी उचलता उचलता तो हात थांबला आणि आतून हळू आवाज आला, "मीठ आपल्याकडचं हाय. कोकनातले काय?"

नूरुद्दीनच्या हातून पळी पडली, असं तो सांगायचा.

ती जुबेदा. राजापूरच्या बाजूची, विधवा, म्हातारीची सेवा करायला आणलेली. आपण निदान शुक्रवारी मशिदीत तरी जातो, बाजारात चार कोकणी तोंडं बघतो. ती आल्यापासून त्या घराच्या उंबऱ्याबाहेर पडलेली नव्हती. आतल्या बायका अरबीत बोलायच्या, म्हातारी नुसतं कण्हायची. नूरुद्दीन आणि तिचं बोलणं म्हणजे तरी काय? "आज गरम हाय." "घ्या." "पाऊस पडला म्हने गावात." भिंतीच्या दोन्ही बाजूंना कान होते, परक्या बाईशी बोलताना कुणी पाहिलं असतं तर दोघांची धडगत नव्हती.

आणि कॅसेट. तेव्हा सगळ्यांकडे गावाहून कॅसेटी भरून यायच्या. कुणीतरी सुटीवर गेलेला टेप घेऊन घराघरांत बसायचा, बायका-पोरं त्यात बोलायची. नूरुद्दीनच्या कॅसेटीत त्याची आई, शरीफाबी, बोलायची. स्वयंपाकघरात फोडी करता करता तो टेप लावायचा, आणि झडप बोटभर उघडी राहायची.

मी ती कॅसेट ऐकली आहे. आधी कोंबडा आरवतो, मग म्हातारी विचारते, "चालू हाय ना?" मग म्हणते, "नूरु, माज्या डोल्यांना आता नीट दिसत नाय. दिव्याभवती नुसता धूर दिसतो. दिसतंय तवर ये रे. मग हातानं चाचपून ओलकायला लावू नको."

त्याला एवढंच हवं होतं. आईला दिसतंय तोवर तिच्यासमोर उभं राहायचं. ना त्याला बंगला बांधायचा होता, ना गाडी घ्यायची होती.

तो अबू सालेहकडे गेला. अबू सालेह म्हणाला, "बुक्रा, इन्शाल्लाह." बुक्रा म्हणजे उद्या. तिथला उद्या म्हणजे आपल्या सरकारी कचेरीतल्या उद्याचा थोरला भाऊ. पुन्हा गेला, पुन्हा गेला. शेवटी अबू सालेहनं खरं सांगितलं, "तू गेलास तर माझी आई काय खाईल? दोन महिन्यांत मरेल ती. तुझी आई आई, आणि माझी?"  

मग त्याला त्या अमेरिकन बाईच्या बाटल्या आठवल्या. ऑक्टोबर उलटला, उकाडा जरा खाली बसला, लेबनानची सफरचंदं आली. तिकडे लढाई चालू, तरी सफरचंदं यायची थांबत नव्हती. नूरुद्दीननं पेट्या उतरवून घेतल्या आणि तीन शुक्रवार मला सालं काढायला बसवलं. मी म्हटलं, "अरे, मी मेसमध्ये दोनशे माणसांचं रांधून आलोय." तो म्हणाला, "म्हणूनच हात चालतो तुझा." फळीवर बाटल्यांची ओळ लागली. प्रत्येक झाकण टक् वाजलं की तो माझ्याकडे बघून हसायचा. त्याच्या लेखी प्रत्येक टक् म्हणजे गावचे दोन दिवस.

अबू सालेहलाही ही युक्ती पटली. म्हणाला, "ठीक, बघू." दुसऱ्या दिवशी बाटलीतलं गरम करून वाटी आत गेली. वाटी भरलेली परत आली. आतून निरोप: म्हातारी शिळं खात नाही, ताजंच हवं.

ठीक. मग ताजं करायला एक येमेनी स्वयंपाकी आणला. नूरुद्दीननं त्याला पोटच्या पोराला शिकवावं तसं शिकवलं. वाटी भरलेली परत. निरोप: म्हातारी दुसऱ्याच्या हातचं घेत नाही, नूरुद्दीनच्या हाताची चव तिला कळते.

बाटल्या मी कॅम्पात नेल्या. आठवडाभर फिटर-वेल्डर मंडळींनी चपातीबरोबर ॲपलसॉस खाल्ला आणि मला शिव्या घातल्या. दोनचार बाटल्या तेवढ्या नूरुद्दीनच्या फळीवर राहिल्या.

नूरुद्दीन मात्र बदलला. आधी तो गुणगुणत काम करायचा, आता मुकाट फोडी करायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "एक दिवस करपव ना साल्या! मिठाचा डोंगर घाल!" तो म्हणाला, "उपाशी राहील रे ती." गाढवच होता. आपली आई तिकडे आंधळी होतेय आणि हा इथं दुसऱ्याच्या आईचं तोंड कडू होऊ नये म्हणून गोडी चाखतोय.

मग त्याला ताप भरला. शुक्रवारी गेलो तर हा स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत गोधडीत कुडकुडतोय. कुणाला सांगितलेलंही नाही. "म्हातारीची वाटी," एवढंच म्हणाला. मी वैतागलेला, फोडी करत बसायला मला वेळ नव्हता. फळीवरची एक बाटली उघडली, पातेलीत गरम केली, मीठ टाकलं, वाटीत ओतली, झडपेत ठेवली, टकटक. मी एक शब्द बोललो नाही आणि पलीकडूनही कुणी बोललं नाही. थोड्या वेळानं वाटी परत आली. रिकामी. बोटानं पुसून घेतल्यासारखी.

मी वाटी घेऊन नूरुद्दीनच्या खाटेशी गेलो आणि त्याला दाखवली. "बाटलीतलं," म्हटलं. "आणि माझ्या हातचं." त्यानं वाटी हातात घेतली. ताप चढलेला, तरी उठून बसला.

बरा झाल्यावर तो माझ्यासमोरच झडपेशी गेला. घरची मंडळी बाहेर गेली होती, अंगण रिकामं होतं. मी खाली बसून सालं काढत होतो. त्यानं टकटक केलं नाही, नुसता बोलला, "जुबेदाबाय, म्हातारी कोनाच्या हातचं खाते?"

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बाय, खरं सांगा."

"सगल्यांच्या हातचं खाते," आवाज आला. "पेज दिली तरी खाते. तिला चव कुटं कलते आता."

"मग ते निरोप?"

"मीच सांगायची. वाटीतला मी खायची नाय हो, खुदाची शपथ. म्हातारीला पेज भरवायची आनि वाटी तशीच परत द्यायची."

"का?"

बाई रडत होती की नाही, मला दिसत नव्हतं. आवाज मात्र सरळ होता. "नूरभाय, तुमी गेल्यावर मी कोनाशी बोलू? तुमच्या आयची कॅसेट लागते तवा मला माजी आय बोलते असा वाटतो. ती तुमाला बोलावते ते मला ऐकू येत नाय का? येतो. ऐकते आनि परत निरोप पाठवते. मी वाईट बाई हाय."

माझं डोकं फिरलं. सुरी टाकून मी उभा राहिलो. गोगलगाय आणि पोटात पाय! म्हटलं, आत्ताच्या आत्ता अबू सालेहच्या दुकानावर जातो आणि सगळं ओकतो. नूरुद्दीननं माझा दंड धरला. त्याच्या हातात एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

"तिचं काय होईल?" तो म्हणाला.

"तुझ्या आईचं काय होईल?"

"आपलेच दात आणि आपलेच ओठ, इसहाक. कुठं सांगणार?"

मी परत खाली बसलो. सांगितलं तर बाई रस्त्यावर, नाही तर कुठल्या कोठडीत. नाही सांगितलं तर हा इथंच. इकडे आड, तिकडे विहीर. तिघे तिथंच अडकलो, दोघे भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे. फोडी पातेल्यात काळ्या पडायला लागल्या होत्या.

आणि मग त्या गाढवाला आयुष्यात पहिल्यांदा अक्कल सुचली. झडपेकडे तोंड करून म्हणाला, "जुबेदाबाय, माज्या जागी कोकनातलाच मानूस आला तर? हा इसहाक हाय, अंजनवेलचा. बोलतो फार. रागीट हाय, पन बोलतो."

माझी किंमत अशी ठरत होती आणि मला कुणी विचारतही नव्हतं. झडप आतून बोटभर सरकली. मग, "त्यांच्याकडं कॅसेट हाय?"

"बायको भरून पाठवते," नूरुद्दीन म्हणाला. "निस्त्या शिव्या असतात."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला.

माझ्या कॅम्पाचं काम तसं संपतच आलं होतं. कंपनी बहुतेकांना घरी पाठवणार होती, आणि मला आणखी एक वर्ष हवंच होतं. शिवाय अबू सालेहच्या स्वयंपाकघरात एसी होता, तेही सांगून टाकतो, उगाच मोठेपणा नको. मी म्हटलं, "एक वर्ष. एका वर्षावर एक दिवस नाही." बायकोलाही तसंच कळवलं.

माझी परीक्षा झाली. अबू सालेह स्वतः स्वयंपाकघरात उभा. मी सफरचंदं शिजवली, वाटी झडपेत ठेवली. परत आली ती रिकामी. अबू सालेह म्हणाला, "माशाल्लाह!" आणि त्या आठवड्यात नूरुद्दीनच्या पासपोर्टवर शिक्का बसला; तिजोरीत त्याच्या जागी माझा पासपोर्ट गेला. जाताना त्यानं उरलेल्या दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून घेतल्या. झडपेशी उभा राहून म्हणाला, "येतो, बाय." आतून, "आयला माजा सलाम." विमानतळावर तो लहान पोरासारखा वळून वळून बघत होता, कुणी परत बोलावतंय की काय म्हणून.

पुढं त्याची कॅसेट आली. मी ती फोडी करताना लावली. झडप बोटभर उघडी. कोंबडा आरवला. म्हातारी म्हणाली, "चालू हाय ना? इसहाक, बाबा, माज्या नूरुचा तोंड बघितला मी. धुरातनं बघितला, पन बघितला. डोक्यावरचे केस गेले रे त्याचे." मग चमच्याचा आवाज आणि पुन्हा म्हातारी, "हा काय भरवतोस? यंदा आंब्याला चव नाय." मी हसता हसता डोळे पुसले. झडपेपलीकडून आवाज आला, "परत लावा."

मी परत लावली. त्या दिवशी तीनदा लावली. राग कुठं गेला होता कोण जाणे. मग आम्ही रोज काहीबाही बोलायला लागलो. ती राजापूरच्या गंगेचं सांगायची, मी अंजनवेलच्या किल्ल्याचं. माझ्या बायकोच्या, शरफुन्निसाच्या कॅसेटी आल्या की त्यातल्या शिव्यांना ती आतून हळूच हसायची. तिचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण हसू ओळखतो.

ऑक्टोबर उलटला. लेबनानच्या पेट्या आल्या. माझं वर्ष भरलं. मी अबू सालेहकडे सुटी मागितली. त्यानं मान डोलावली, म्हणाला, "हक्क आहे तुझा. बदली माणूस बघतो." एक नवा स्वयंपाकी आला, मी त्याला सगळं शिकवलं, दालचिनी, मीठ, सगळं. त्यानं वाटी झडपेत ठेवली.

मी दारात उभा होतो. वाटी परत आली. काठोकाठ भरलेली.

संध्याकाळी अबू सालेह स्वयंपाकघरात आला. डोळे ओले. "आई दुसऱ्या कुणाच्या हातचं घेत नाही म्हणतात," तो म्हणाला. "तुझ्या हाताची चव तिला कळते." त्यानं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं.

तो गेल्यावर मी झडपेकडे वळलो. तोंडात एकाहून एक शिव्या आल्या होत्या. अंजनवेलच्या माणसाला त्या शोधाव्या लागत नाहीत. झडप बोटभर उघडी होती. पलीकडून अगदी हळू आवाज आला, "आज कॅसेट नाय?"

मी सुरी उचलली, परत खाली ठेवली. हात पुसले आणि टेप लावला. शरफुन्निसा बोलायला लागली, "वरीस झाला की येतो म्हनाला होता तुमी." झडप आणखी थोडी उघडली. मी पुढचं सफरचंद सोलायला घेतलं.